निवड न झालेली समन्वयक

सोमारी पोटावीची मुलाखत अकरा मिनिटं चालली आणि तेवढ्यात फोन तीनदा तुटला. धानोऱ्यापासून अठरा किलोमीटरवर असलेल्या तिच्या गावात नेटवर्क येतं ते फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, तेही वरच्या पायऱ्यांवर. मे महिन्याच्या उन्हात ती तिथे ओढणी डोक्यावर घेऊन बसली होती. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा पुण्याहून मुलाखत घेणाऱ्या उर्वशी मॅडम म्हणाल्या, "राहू दे सोमारी, आम्हाला पुरेसं कळलं."

मुलाखत 'पाऊलवाट' नावाच्या उपक्रमाची होती. संगणकाच्या क्षेत्रात ज्यांना सहसा कुणी आत घेत नाही अशा मुलींना, आदिवासी आणि खेड्यातल्या मुलांना तीन महिने खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायला मिळायचं. खुलं म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. दोन वर्षांपूर्वी गडचिरोलीत बीसीए संपवून सोमारीने याच उपक्रमात इंटर्नशिप केली होती. सर्वेक्षणाचे फॉर्म भरायचं एक ॲप होतं; मध्येच नेटवर्क गेलं की भरलेलं सगळं उडून जायचं. शहरात बसलेल्या कुणाला तो दोष कधी जाणवलाच नव्हता. सोमारीने तो शोधला आणि दुरुस्तही केला. आता ते ॲप कुठल्या कुठल्या देशांत वापरतात.

यंदा पाऊलवाटला पूर्व विदर्भासाठी दोन स्वयंसेवक समन्वयक हवे होते. त्यांनी गावागावांतून उमेदवार शोधायचे, त्यांना अर्ज भरायला मदत करायची, मार्गदर्शकाशी गाठ घालून द्यायची आणि तीन महिने पाठीशी राहायचं. हे काम आपलंच आहे, असं सोमारीला वाटलं होतं.

आठवड्याने पत्र आलं. निवड झाली होती चंद्रपूरच्या प्रफुलची आणि नागपूरच्या एका बाईंची. सोमारीकडे 'स्थिर इंटरनेट नाही आणि साप्ताहिक व्हिडिओ बैठकीला कॅमेऱ्यासह हजर राहण्याची अट पूर्ण होत नाही', म्हणून तिचं नाव बसलं नाही. पण तिचा प्रवास सगळ्यांना भावला होता. तिने 'प्रेरणादूत' व्हावं आणि संकेतस्थळासाठी पारंपरिक वेशातला, मागे जंगल दिसेल असा एक फोटो पाठवावा, अशी विनंती होती.

ती जिना उतरून घरी आली. तिचा बाप पोचू अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसला होता.

"का म्हन्तेत?" त्याने विचारलं.

"काम नाई देत. फोटो पायजे म्हन्तेत."

पोचूने हातातला पुडा खाली ठेवला. "कोनाचा? तुया?"

"माया. लुगडं नेसून, झाडाखाली उभी राहून."

"मंग का करशीन?"

"फोटो नाई देत," ती म्हणाली. "काम करीन."

पाऊलवाटचे नियमही त्यांच्या सॉफ्टवेअरसारखेच उघड्यावर होते. नियमांची फाईल कुणीही उघडावी, बदल सुचवावा, खाली कारण लिहावं. मग उर्वशी मॅडमसह पाच जणांची समिती मत देणार. ही सोय शोभेसाठी नाही असं धरून सोमारी कामाला लागली. लिहायचं सगळं तिने घरी सावलीत बसून लिहिलं आणि टाकीवर जाऊन एकदाच पाठवलं. स्थिर इंटरनेट आणि कॅमेऱ्याची ओळ तिने खोडली होती. त्या जागी लिहिलं होतं, 'समन्वयकाने दोन दिवसांत लेखी उत्तर द्यावं. उमेदवार जिथे राहतात तिथपर्यंत त्याला पोचता यावं.'

कारण म्हणून तिने एवढंच लिहिलं: 'मागच्या वर्षी पूर्व विदर्भातून त्रेसष्ट अर्ज आले. धानोरा आणि एटापल्ली तालुक्यांतून एकही नाही. ज्यांच्याकडे नेटवर्क नाही त्यांना शोधायचं काम तुम्ही नेटवर्क असलेल्यांनाच देता.'

दुसऱ्या दिवशी प्रफुलने त्याखाली सर्वांसमोर लिहिलं, 'सोमारीबद्दल आदर आहे. पण प्रत्येकासाठी दर्जा खाली आणत गेलो तर उपक्रम चालणार नाही.'

सोमारीने उत्तर दिलं, 'प्रफुलभाऊ, इंटर्नशिपच्या तीन महिन्यांत माझे एक्केचाळीस बदल स्वीकारले गेले. त्यातला एकही कॅमेऱ्यापुढे बसून केलेला नव्हता. यात दर्जा कुठे खाली आला ते दाखवा.'

तीन दिवसांनी उर्वशी मॅडमचा फोन आला. त्या मूळच्या सावली गावच्या, वैनगंगेकाठच्या धानाच्या पट्ट्यातल्या. पुण्यात वीस वर्षं काढल्यावर बोलण्यात त्याची खूण उरली नव्हती.

"सोमारी, तो प्रस्ताव मागे घे," त्या म्हणाल्या. "आपण आपसात बोलू. सगळ्यांसमोर असं लिहिलं की देणगीदारांना वेगळंच वाटतं."

"मी लपून तं काईच लिहिलं नाई, मॅडम. तुमच्याच फाईलमध्ये लिहिलं."

"मी तुझ्या बाजूची आहे गं."

"मंग तिथीच लिहा ना. सगळ्याईच्या समोर."

  

"तुले वाटते तेवढं सोपं नाई," उर्वशी मॅडम म्हणाल्या. "या लोकाईत उभं राहाले मले किती वर्सं लागले, मालूम आहे?"

"म्हनूनच म्हनतो मॅडम," सोमारी म्हणाली. "बाकीच्याईले तितके काऊन लागावे?"

प्रस्ताव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला, पण पुढच्या वर्षापासून. यंदाची नावं तीच राहणार होती. अर्जांची मुदत संपायला बारा दिवस उरले होते.

सोमारी धानोऱ्याला गेली आणि ओळखीच्या एका बाईकडून बचत गटाची खोली दोन दिवसांसाठी मागून घेतली. मग एकेकीला निरोप धाडले. नऊ मुली आल्या. एटापल्लीकडच्या दोघी पहाटेच्या बसने निघून दुपारी उशिरा पोचल्या. कुणाकडे फोन होता, कुणाकडे भावाचा होता, त्यातल्या प्रियाकडे तोही नव्हता. अर्जात स्वतःबद्दल एक पान लिहायचं होतं. प्रियाने तिसऱ्यांदा कागद फाडला तेव्हा सोमारी तिच्याशेजारी जाऊन बसली.

"मले लिहिता नाई येत, ताई. मले फक्त बिघडलेल्या वस्तू सुधारता येतेत."

"मंग तेच लिही. कोन्ती वस्तू, कशी सुधारली."

प्रियाने राइस मिलच्या बंद पडलेल्या वजनकाट्याबद्दल लिहिलं. पान भरलं, तिने दुसरं मागितलं.

सगळे अर्ज सोमारीने टाइप केले. शेवटी एक चौकट होती: समन्वयकाचं नाव. ती रिकामी ठेवली तर अर्ज पुढे जात नव्हता. यादीत दोनच नावं होती आणि खाली 'इतर'. सोमारीने नऊही अर्जांत 'इतर' निवडलं आणि लिहिलं: सोमारी पोटावी, निवड न झालेली.

समितीत दोन दिवस वाद चालला. कुणी म्हणालं, हे शिस्तीत बसत नाही. नऊही अर्ज पहिल्यांदा पूर्ण वाचले ते प्रफुलने. मग त्याने त्या उघड्या पानावर लिहिलं, 'माझ्या नावावर एकोणीस अर्ज आले, सगळे चंद्रपूर शहरातले. वजनकाट्याबद्दलचा हा अर्ज मी दोनदा वाचला. हे नऊ बाद होणार असतील तर माझं नावही यादीतून काढा.'

त्याखाली उर्वशी मॅडमनी पहिल्यांदाच सर्वांसमोर लिहिलं, 'माझंही, समितीतून.'

अर्ज राहिले. चौघींची निवड झाली, त्यात प्रिया होती. मॅडमनी फोन केला, "तुझं नाव यंदाच्या यादीत टाकतो आहोत. खास बाब म्हणून."

"खास बाब नको," सोमारी म्हणाली. "माया एकटीसाठी दार उघडून मागून लावून घ्यायचं नाई. कॅमेऱ्याची ते ओळ यंदाच काढा, मंग नाव टाका."

"समिती पुन्हा बसवावी लागेल."

"बसवा. मी थांबतो."

त्या हसल्या. पाच दिवसांनी ती ओळ फाईलमधून गेली आणि तिसरं नाव यादीत आलं.

त्याच आठवड्यात सोमारी एटापल्लीच्या बसमध्ये बसली. सूरजागडहून लोखंडाचा दगड भरून येणाऱ्या ट्रकांना वाट देत बस कडेच्या मातीत उतरत होती, धुळीने खिडक्या लाल झाल्या होत्या. निवड न झालेल्या पाच जणींत एटापल्लीच्या दोघी होत्या. त्यांना का घेतलं नाही, हे तिने समितीला लेखी विचारलं होतं आणि उत्तर आलं नव्हतं. दोघींचे अर्ज पुन्हा नीट वाचून, त्यांच्याशी बोलून, ती तोच प्रश्न आणखी एकदा पाठवणार होती, या वेळी त्या दोघी आणि ती स्वतः, अशा तिघींच्या नावाने.