कायसाच्या न्हाणीघरातली बाटली

मी एक साधी प्लास्टिकची बाटली. टोपणाला बारीक भोकं, पोटात कोमट पाणी. बाळंतपणाचे टाके चुरचुरू नयेत म्हणून बायका माझ्यातल्या पाण्याने धुतात.

मिनेसोटातल्या इस्पितळात नर्सने मला कायसाच्या हातात दिलं. म्हणाली, "आधी तीन-चार दिवस अंगावरून लाल जाईल, मग गुलाबी-तपकिरी, मग पिवळसर-पांढरं. पाच-सहा आठवडे चालतं, घाबरू नकोस. पण तासाभरात पॅड भिजलं, रक्ताची अंड्याएवढी गाठ पडली, घाण वास आला किंवा ताप चढला, तर लगेच फोन करायचा."

कायसाने मान डोलावली. तिला काहीच वाटत नव्हतं, बाळाकडे बघूनही नाही.

घरी शेजारणींनी जेवणाची भांडी आणली. आमच्याकडे भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी असते आणि ते घासूनपुसून वेळेत परत करायचं असतं. "कशी आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरी आहे. याहून वाईट असू शकतं." पाय मोडला तरी इथली माणसं हेच म्हणतात.

सातव्या दिवशी रंग तपकिरी झाला. मला हायसं वाटलं. नवव्या दिवशी नवरा खाणीवर होता, म्हणून तिनेच फावड्याने दारातला बर्फ काढला आणि चार भांडी घरोघर पोचवली. परतली तर पुन्हा लालभडक. तासात एक पॅड, मग दुसरं, मग ती गाठ. कायसा बघत राहिली, मग तिने संडासाचं पाणी सोडलं. मला तोंड असून बोलता येत नाही, याचा तेव्हा फार राग आला.

तेवढ्यात सासू आली, मार्लिस. "माझं भांडं तेवढं राहिलं वाटतं!" म्हणत हात धुवायला आत शिरली आणि कचऱ्याच्या डब्याकडे बघून थांबली.

"हे कधीपासून?"

"दुपारपासून. बरी आहे मी. याहून वाईट..."

"गप्प बस! माझी बहीण डोरीन बाळंतपणानंतर हेच म्हणत होती. ती गेली तेव्हा तीस भांडी आली घरात. मीच घासून परत केली सगळी. कोट घाल."

इस्पितळात कळलं, वारेचा तुकडा आत राहिला होता. डॉक्टरांनी तो काढला आणि तिसऱ्या दिवशी कायसा घरी आली.

आता मी खिडकीत रिकामी उभी आहे. काल मार्लिसने विचारलं, "कशी आहेस?" कायसाने बाळ पाळण्यात ठेवलं. मग म्हणाली, "बरी नाही. बाळाला घेतलं तरी काही वाटत नाही मला." मार्लिसने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि अंगातला कोट काढून ती तिच्याजवळ बसली.

बायांनो, "बरी आहे" म्हणायच्या आधी एकदा खाली बघा.