काड्यांचं म्हणणं

बाओ क्वांग गुरुजींचा राग नाकावर असतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण आपण वाचलो म्हणून चिडलेला माणूस गावाने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

झी नदीकाठच्या त्या गावात बाजार भरला होता आणि कचेरीच्या दारात ढोल वाजवून बादशहाचा हुकूम वाचून दाखवला जात होता. जुनी गाणी, जुन्या राजांची दप्तरं, शंभर पंथांचे शंभर वाद, जे काही ज्याच्या घरात असेल ते तीस दिवसांत कचेरीत आणून टाकायचं. तिथे त्याची होळी होईल. जो लपवेल त्याच्या कपाळावर डाग आणि उत्तरेला बांधल्या जाणाऱ्या भिंतीवर मजुरी. जो चारचौघांत जुन्या गुरूंची वचनं काढेल त्याची मान जाईल. एवढं वाचून झाल्यावर हुकूम वाचणाऱ्याने दम घेतला आणि शेवटचं कलम सांगितलं: औषधाची, शेतीची आणि शकुनाची पुस्तकं या हुकुमातून वगळली आहेत.

गर्दीत उभ्या असलेल्या अकरा शिष्यांचा जीव भांड्यात पडला. गुरुजी आयुष्यभर एकच ग्रंथ शिकवत आले होते, बदलांचा ग्रंथ. त्यात चौसष्ट आकृत्या. प्रत्येक आकृती सहा रेघांची, कुठली रेघ अखंड, कुठली मधे तुटलेली, आणि आकृतीखाली चार-दोन शब्द. काड्या मोजून आपल्या वाट्याची आकृती काढायची आणि ती काय सांगते ते पाहायचं. शकुनाचं पुस्तक म्हणायचं तर याच्यासारखं दुसरं नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं थोरला शिष्य मू हळूच म्हणाला, आणि गुरुजींनी ते ऐकलं.

"शकुनाचं?" गुरुजी म्हणाले. "चाळीस वर्षं मी तुम्हाला हरवलेल्या शेळ्या शोधायला शिकवलं का रे?"

त्यांचं दुखणं खरं होतं. हा ग्रंथ कुणा एकाने बसून लिहिलेला नाही. आरंभी कुणीतरी आकाशाकडे पाहून एक अखंड रेघ ओढली आणि जमिनीकडे पाहून एक तुटलेली. मग म्हणे एका राजाने कैदेच्या कोठडीत वेळ घालवायला रेघांवर रेघा चढवल्या. राजे त्याला युद्धाचं विचारत, शेतकरी पावसाचं, आणि उत्तरांतून शतकानुशतकं एक गोष्ट साचत गेली: चढलेलं उतरतं, भरलेलं सांडतं, आणि अगदी तळाशी गेलेल्याच्या पायाखालूनच वर जायची वाट निघते. विहीर, कोल्हा, मोडकी गाडी, उडून जाणारे हंस, असल्या साध्यासुध्या गोष्टींतून हे सांगितलेलं. जगात शहाणपणाची पुस्तकं पुष्कळ आहेत, पण वाचणाऱ्यालाच आधी "तुझी अडचण काय?" असं विचारणारं हे एकच. गुरुजींचे गुरू, त्यांचे गुरू, असं पाच पिढ्यांनी त्यावर विवरण केलं होतं, आणि ते गुरुजींनी तरुणपणी आपल्या हाताने बांबूच्या पट्ट्यांवर उतरवून घेतलं होतं. दोरीत ओवलेल्या पट्ट्यांच्या अशा सात गुंडाळ्या होत्या, मूळ ग्रंथाच्या दोन वेगळ्या. देशभर शोधलं असतं तरी दुसरी प्रत मिळाली नसती.

घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की सुटका मूळ ग्रंथाची झाली होती, त्या सात गुंडाळ्यांची नाही. विवरणात पानोपानी, म्हणजे पट्टीपट्टीवर, "गुरूंचं म्हणणं" असे दोन शब्द लिहून पुढे वचन दिलेलं. कचेरीतल्या अगदी बिनडोक माणसानेही ते दोन शब्द पाहिले असते तर गुंडाळ्या आगीत आणि गुरुजी भिंतीवर.

गुरुजींनी थोरल्या बहिणीला हे सांगितलं, म्हणजे खरं तर तिच्यावर ओरडले. छीच्या या मुलखात थोरल्या मुलीचं लग्न करत नसत. ती माहेरीच राहून घरचे देव आणि पितर सांभाळी. यिंगताईने ते साठ वर्षं सांभाळले होते. शिवाय ती बाजाराच्या दिवशी चटई टाकून बसे आणि काड्या मोजून लोकांना शकुन सांगे. एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण चौसष्टच्या चौसष्ट आकृत्या तोंडपाठ होत्या. गुरुजींना तिच्या या धंद्याची लाज वाटे. "आमची ताई काड्या करते," असं ते शिष्यांना सांगत, आणि शिष्य गुरुजींकडे पाहून हसावं की न हसावं ते ठरवत.

"मी गुंडाळ्यांबरोबर जळून जाईन," ते म्हणाले. "पण हे शकुनाचं पुस्तक आहे असं या तोंडाने म्हणणार नाही."

"जळ की," ताई बाजरी निवडता निवडता म्हणाली. "तुझी हाडं वाळलेली आहेत, पेटतीलही चांगली. त्या पट्ट्यांना कशाला ओढतोस बरोबर?"

मूने भिंतीत पुरायचं सुचवलं. पण नदीपलीकडच्या गावात भिंती ठोकून पाहायला सुरुवात झाली होती. कुणी म्हणालं पाठ करून टाकू. सात गुंडाळ्या आणि तीस दिवस. अकरांपैकी तिघांना तर स्वतःच्या सासऱ्याचं नाव आठवायला वेळ लागे.

तेव्हा ताईने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, ते जे दोन शब्द नडतायत ते खरवडून काढता येत नाहीत का? चूक झाली की सुरीने खरवडतोस ना पट्टी? मग त्यातला 'गुरूंचं' तेवढा काढ आणि त्याच जागेत वेगळा शब्द घाल.

"वेगळा कुठला?"

"काड्यांचं म्हणणं."

गुरुजींना आधी वाटलं ती चेष्टा करते आहे. मग ती सांगत गेली आणि ते ऐकत गेले. या दोन खोल्यांमधली भिंत कुडाची आहे. तू इकडे चाळीस वर्षं शिकवतोस, ते मी तिकडे चाळीस वर्षं ऐकते. मिठागरावरचा तो माणूस आठवतो, भावाला कचेरीत खेचायला निघालेला? त्याला मी तुझ्या गुरूचं भांडणाबद्दलचं सगळं सांगितलं, अर्ध्या वाटेवर थांबणारा जिंकतो ते. सून छळते म्हणून रडणाऱ्या म्हातारीलाही सांगितलं, सासू छळते म्हणणाऱ्या सुनेलाही. फक्त गुरूचं नाव घेतलं तर ते म्हणाले असते, तुमचा गुरू असेल मोठा, आमच्या घरी येऊन बघ म्हणावं. म्हणून मी म्हणते, काड्यांचं म्हणणं असं असं आहे. मग ऐकतात.

आपले अकरा शिष्य, आणि हिच्या चटईसमोर बसून उठलेली माणसं किती असतील, याचा विचार गुरुजींच्या मनात आला आणि तो त्यांनी झटकून टाकला. इतकी वर्षं कमावलेला ताठा एका दुपारी जात नाही.

पण सुरी त्यांनी हातात घेतली. एकशे चौदा जागी ते दोन शब्द होते. रोज उजाडल्यापासून ऊन कलेपर्यंत ते अंगणात बसून खरवडत. आपल्या गुरूचं नाव आपल्याच हाताने काढायचं म्हणजे काय ते ज्याने काढलं त्यालाच माहीत. विसाव्या जागी ते उघड रडले, आणि ताईने शिष्यांना नदीवर पाणी आणायला पाठवून दिलं, घागरी भरलेल्या असताना.

सव्विसाव्या दिवशी कचेरीचा लेखनिक झाई घरी आला. पश्चिमेकडचा माणूस, बोली वेगळी, कायदा मात्र श्वासासारखा येत असलेला. तो चटईवर बसला आणि एकेक गुंडाळी उलगडत गेला. अकरा शिष्य अंगणात गुडघे टेकून बसले होते. झाईला वाचता उत्तम येत होतं. सातवी गुंडाळी संपल्यावर तो म्हणाला, लिहिलंय तर खरं सगळीकडे काड्यांचं म्हणणं. पण शकुन सांगणाऱ्यांची पुस्तकं मी पाहिली आहेत, ती एवढी लांबलचक नसतात. आणि तुम्हाला तर गाव गुरुजी म्हणतं.

"पुस्तक कुणाचं?" त्याने विचारलं.

"माझ्या बहिणीचं," गुरुजी म्हणाले. एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते फक्त मूला दिसलं. "ती शकुन सांगते. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवतो."

"मग दाखवा. माझंच पाहा. माझी बदली होईल का?"

सहा वर्षं तो घरापासून दूर होता. बदलांच्या ग्रंथाला बदलीचं विचारणारा तो काही पहिला सरकारी माणूस नसेल.

ताईने पन्नास काड्या घेतल्या, एक बाजूला ठेवली, उरलेल्या दोन हातांत वाटल्या आणि चार-चार करून मोजायला लागली. अठरा वेळा मोजावं तेव्हा सहा रेघा मिळतात. तिने घाई केली नाही. झाई आधी अंगणाकडे पाहत होता, मग तिच्या बोटांकडे पाहायला लागला. शेवटी आकृती निघाली: वाटसरू. डोंगरावर पेटलेला आणि एका जागी न थांबणारा वणवा.

"वाच," ताई म्हणाली.

गुरुजींनी सातवी गुंडाळी उलगडली, वाटसरूची पट्टी काढली, घसा साफ केला आणि वर्गात बसल्यासारखं खणखणीत आवाजात सुरू केलं, "गुरूंचं म्हणणं."

जित्याची खोड ती. चाळीस वर्षं त्या जागी तेच दोन शब्द उच्चारलेले. सुरीने बांबू खरवडला होता, जीभ कोण खरवडणार?

झाई वाकला आणि त्याने पट्टीवर बोट ठेवलं. "इथे 'काड्यांचं' लिहिलंय," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही 'गुरूंचं' वाचलंत. हे गुरू कोण?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ऐनवेळी खोटं सुचत नाही, आणि गुरुजींना एकच नाव सुचत होतं, आपल्या मेलेल्या गुरूचं.

"मी," यिंगताई म्हणाली.

झाईने तिच्याकडे पाहिलं.

"मीच की, साहेब. या घरात काड्यांचं मला कळतं, त्याला नाही. तो माझ्याकडे शिकतो. शिकतोय अजून. म्हणून मला गुरू म्हणतो, लिहिलेलं असो नसो."

झाईने विचारलं, हे खरं का? आणि हे विचारताना तो गुरुजींकडे पाहत नव्हता, अंगणातल्या अकरा जणांकडे पाहत होता. त्यांच्या चेहऱ्यांवर त्याला काय दिसेल ते गुरुजींना कळलं. नुसतं "होय" म्हणून भागणार नव्हतं.

ते उठले. ताईसमोर आले, गुडघे टेकले आणि शिष्य पहिल्या दिवशी गुरूपुढे करतो तसा पूर्ण नमस्कार त्यांनी केला, कपाळ मातीला लावून. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा कपाळ टेकलेलं असताना त्यांना तो मिठागरावरचा माणूस आठवला, जो भावाला घेऊन परत आला होता आणि या घराच्या दारात मासे ठेवून गेला होता. गुरुजींनी ते मासे खाल्ले होते आणि ते कुणी व का ठेवले हे विचारलंही नव्हतं. तिसरा नमस्कार त्यांनी केला, तो झाईसाठी नव्हता.

"ही माझी गुरू," ते उठून म्हणाले.

अंगणात मूने कपाळ जमिनीला टेकवलं आणि त्याच्यामागून बाकीच्या दहा जणांनी.

झाई म्हणाला, पुढे वाचा. गुरुजींनी वाचलं: वाटसरूने पाहुण्यासारखं वागावं, मालकासारखं नाही, परक्या गावात जो मान देतो त्याला गाव झोपायला जागा देतं. ताईने त्यात स्वतःची भर घातली. बदली होईल, पण तुम्ही मोजताय तेवढ्या लवकर नाही. तोवर इथली भाषा शिका. झाई हसला की नाही हे सांगता येत नाही. त्याने लाकडी फळीवर नोंद केली: शकुनाचं पुस्तक, गुंडाळ्या नऊ, मालकीण बाओ यिंग, वाचून दाखवणारा घरगडी एक.

तो गेल्यावर मू रडत होता. आमच्या गुरुजींना घरगडी लिहिलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. गुरुजींनी त्याला आणि बाकीच्यांना घरी जायला सांगितलं. अंगण रिकामं झालं. ताई काड्या पिशवीत भरत होती.

"ताई, मी खोटं बोललो नाही," गुरुजी म्हणाले.

"ठाऊक आहे. कपाळ धू, माती लागली आहे."

त्यांनी कपाळ धुतलं नाही. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंस, एकदा तरी इकडे येऊन बसली असतीस, असं ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की तिला बसायला चटई कुणी टाकायची होती. पिशवीची गाठ ताईने मारली, सोडली, पुन्हा मारली.

गुरुजींनी स्वतःच्या खोलीतली चटई बाहेर आणली, तिच्यासमोर टाकली आणि मूळ ग्रंथाची पहिली गुंडाळी उलगडली. पहिली आकृती आकाशाची, सहाच्या सहा रेघा अखंड. त्यावर बोट ठेवून ते लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागले, ही पहिली रेघ, ही दुसरी.

"रेघा मला येतात," यिंगताई म्हणाली. "त्यांच्या खालची अक्षरं शिकव."