स्वतःला स्मरणपत्र

आमच्या साहेबांना दोन खुर्च्या होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले की ते विमानतळाचे संचालक, कपाटाजवळच्या खुर्चीत बसले की विमानसुरक्षेचे प्रमुख. सुरक्षा प्रमुख संचालकांना पत्र लिहीत, ‘धावपट्टीच्या पूर्व टोकाला पाणी साचते, तातडीने निचरा करावा.’ मग खुर्ची बदलून संचालक उत्तर देत, ‘काम प्रगतिपथावर आहे.’ उत्तराला उशीर झाला, तर साहेब स्वतःला स्मरणपत्र पाठवत. एका स्मरणपत्रावर तर ते खरोखरच चिडले होते. सगळं टाइप करायचो मी. नावाला धावपट्टीचा निरीक्षक, कामाला हरकाम्या.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असा हा कारभार अकरा वर्षं चालला.

तीन वर्षांपूर्वी त्याच पाण्यावरून एक छोटं विमान घसरलं आणि कुंपणात शिरलं. एका प्रवाशाचा हात मोडला. चौकशी केली कपाटाजवळच्या खुर्चीनं, त्यामुळे दोषी ठरल्या विमान चालवणाऱ्या कॅप्टन बाई. ‘धावपट्टी कोरडी व सुस्थितीत’ हा त्या दिवशीचा अहवाल माझा. साहेबांनी सांगितला, मी लिहिला. लिहिताना माझे मोजे ओले होते. बाईंचा परवाना गेला. आता त्या आमच्या चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवतात. मी दिसलो की नमस्कार करतात. त्यापेक्षा शिवी परवडली.

मग नवा कायदा आला. विमानतळ चालवणारे वेगळे, सुरक्षा तपासणारे वेगळे, आणि तपासणाऱ्यांच्या परवान्याशिवाय एकही विमान उतरणार नाही. कर्मचाऱ्यांनी आपापली बाजू निवडायची होती. विमानतळाकडे गाडी, बढती, नवी इमारत. सुरक्षेकडे जुनी खोली. शहाणे कुठे पळाले ते सांगायला नको. साहेब तर खिडकीजवळची खुर्चीही शिपायाच्या डोक्यावर देऊन घेऊन गेले. कपाटाजवळच्या खुर्चीवर मला बसवलं ते त्यांच्याच शिफारशीनं. गरीब गाय आहे, लाथ मारणार नाही, असा हिशेब.

पंधरा दिवसांनी परवान्याचा अर्ज घेऊन ते स्वतः आले.

“काय रे, साहेब झालास म्हणे!”

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. ते उभे राहिले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“सही करून टाक. उद्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे.”

“पूर्वेला पाणी आहे, साहेब.”

“अकरा वर्षं आहे. तुला आजच तहान लागली?”

“आधी निचरा करा, मग देतो.”

ते हसले. “कपाटात तुझे रोजचे अहवाल आहेत. कोरडी, सुस्थितीत, खाली तुझी सही. आता पाणी दिसलं म्हणालास, तर आधी आंधळा होतास की खोटारडा, हे विचारतील. नोकरी जाईल. घरी वहिनींना काय सांगशील?”

“तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं.”

“लेखी आहे कुठे?”

नव्हतं. स्वतःला लेखी स्मरणपत्रं पाठवणारा हा माणूस मला मात्र सगळं तोंडी सांगत आला होता.

मी उठून कपाट उघडलं. साहेब सही करायचे आणि विसरून जायचे. विमान घसरण्याच्या दोन दिवस आधीचं त्यांचं स्मरणपत्र तिथेच होतं. ‘पाणी साचलेलेच आहे. अपघात होऊ शकतो.’ खाली त्यांची झोकदार सही. त्यांनी वाचलं आणि भिंतीला हात टेकला.

“आधी तू बुडशील,” ते म्हणाले.

“हो. पण तुम्हाला सोडून नाही.”

नव्या अर्जाच्या मागे ‘नकाराची कारणे’ असा रकाना होता. जुन्या अर्जात तो छापलेलाच नव्हता. मी लिहिलं: पाणी आहे. माझा अहवाल खोटा होता. सोबत ते स्मरणपत्र आणि अपघाताच्या दिवशीचा माझा अहवाल जोडला.

दोन्ही कागदांच्या प्रती घेऊन संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेलो. छाती थोडी फुगवूनच गेलो होतो. बाईंनी आधी स्मरणपत्र वाचलं, मग माझा अहवाल. तारखा पुन्हा पाहिल्या.

“तीन वर्षं हे कुठे होतं?”

“कपाटात.”

“आणि तुम्ही?”

“कपाटाजवळ,” मी म्हणालो.

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि गाडीत थांबलेल्या शिकाऊ बाईंकडे निघून गेल्या. या वेळी नमस्कार केला नाही.