कुटुंब सोडा

दादानं मला घरखर्चाची तीन ॲप तपासायला सांगितली, कारण घरात बी.एस्सी. झालेली मी एकटीच. मी काम नीट केलं. दोन आठवडे घरातला सगळा खर्च तिन्हींत भरला आणि चुका मोजल्या. पहिल्यात अकरा निघाल्या, दुसऱ्यात सात. तिसऱ्यात एकही नाही, कारण ते बँकेचे मेसेज स्वतःच वाचायचं. म्हणून तिसरं निवडलं.

त्यात 'कुटुंब' नावाचा गट करावा लागतो. दादा प्रमुख, मी आणि वैनी सदस्य. वैनी, म्हणजे दादाची बायको साधना, चुलीपुढं होती. "दोन मिनिटं द्या," म्हणत मी तिचा फोन घेतला आणि परवानगीच्या चौकटीत मीच 'होय' दाबलं. तिला विचारलं नाही. ही चूक मी मोजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा फोन घेऊन अंगणात आला. "साधना, एकोणीस हजार चारशे कुठनं आले गं?"

वैनी शेळ्यांना पाला टाकत होती. "पालमच्या बाजारात दोन बोकडं विकली. व्यापाऱ्यानं फोनवर पाठिवले."

"आन् मला पत्ता न्हाई?"

"तुमची विकली का मी? माझी होती."

खरं होतं. लग्नात तिच्या वडलांनी, चारठाण्याच्या माणिकरावांनी, तिला एक शेळी आंदण दिली होती. आताच्या सात तिच्याच वंशातल्या. आंदणाच्या जनावराची पिल्लंही लेकीचीच. हे आमच्याकडं कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी मोडतही नाही.

पण दादाला मोटरसायकल घ्यायची होती. त्यानं फोन तिच्या तोंडापुढं धरला. "हितं काय लिवलंय? कुटुंबाचं उत्पन्न. कुटुंबाचं! समद्या शेळ्या विकायच्या. ॲपच सांगायलंय."

"पाला ॲप आणतंय का?"

"माझ्या रानातलंच खात्यात त्या."

"आन् तुमी माझ्या हातचं खाता. त्येचा बी काढा हिशोब."

"लय जीभ चालायली!"

मी मधे पडले. "दादा, ते फक्त वर्गीकरण..."

वैनी माझ्यावर फिरली. "तुमी गप ऱ्हावा, ताई. इतकं शिकून चहाडखोर आणलं घरात." तिनं ओट्यावरचा आपला फोन उचलला. "ह्याच्यातनं भाईर कसं पडायचं?"

सांगणं भाग होतं. सगळ्यात खाली लाल बटण होतं. त्यावर 'कुटुंब सोडा' असं लिहिलेलं. दाबलं की ते 'नक्की?' विचारायचं. वैनीनं दोन्हीदा दाबलं.

दादाचा फोन वाजला. त्यानं गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "साधना यांनी कुटुंब सोडले आहे."

माय, आमची आई कासाबाई, भांडी घासत होती. तिला वाचता येत नाही. राखेच्या हातांनीच ती धावत आली. "कुटुंब सोडलं? कुणी लिवलं? सरकारनं?"

"फोननं," दादा म्हणाला. त्याला जोर चढला होता. "कळू द्या समद्यांला. सोडलं तिनं!"

शेजारची दगडाबाई कुडावरून डोकावलीच. "सोडचिठ्ठी झाली का गं?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं. वैनीनं डोळ्यांनीच मला थांबवलं. दावणीपाशी जाऊन तिनं एका शेळीचं दावं सोडलं. मग दुसरीचं.

"हे काय करायलीस?"

"कुटुंब सोडलं न्हवं मी? तुमीच वाचलं. चारठाण्याला टेंपो करते. आंदण बाईसंगं जातंय."

दादानं मायकडं बघितलं.

"जातंय बाबा," माय म्हणाली. "सोडलं आसंल तर सातीच्या सात तिच्या."

"न्हाई सोडलं!" दादा ओरडला. "नुसतं ॲप हाय ते!"

"मग कुटुंबाचं उत्पन्न बी नुसतं ॲपच हाय," वैनी म्हणाली.

मी दोन्ही शक्यता तपासल्या. तिनं कुटुंब सोडलं असलं तरी शेळ्या तिच्या, नसलं तरी तिच्याच. दगडाबाईपुढं दादाला तिसरी शक्यता सुचेना. वैनीनं शेळ्या परत बांधल्या, सावकाश, एकेक.

दादानं मला फर्मावलं, तिला गटात परत घे. मी विनंती पाठवली. आज बारा दिवस झाले. दादाच्या फोनवर वैनीच्या नावापुढं 'उत्तराची प्रतीक्षा' दिसतं. वैनी माझ्याशी कामापुरतं बोलते. पण मी चुलीजवळ गेले की फोन उचलून कमरेला खोचते.