घरच्या हातचा कागद

कागदवाल्यांच्या आळीत माणसाला दोनदा पुरतात. पहिल्यांदा चारचौघांसारखं, लाकडी पेटीत. तीन वर्षांनी हिवाळ्यात मुहूर्त बघून ती कबर उघडायची, हाडं सुगंधी पाण्यानं धुवायची आणि मातीच्या लहान पेटीत मांडून कायमची ठेवायची. आजूबाजूच्या गावांत हाडांवर लाल कापड घालतात. या आळीत कागद गुंडाळतात. तो दो नावाच्या झाडाच्या सालीचा हवा आणि ज्या घरचं माणूस त्याच घरच्या हातांनी केलेला हवा. विकतचा कागद म्हणजे परक्यानं घातलेली मूठमाती, असं जुनी माणसं म्हणायची. आता ती माणसं नाहीत आणि लगदा कालवून कागद उचलायचे त्यांचे हौदही नाहीत. हौदांच्या जागी रद्दीची मशिनं धडधडतात आणि मागची नदी काळी ठिक्कर वाहते.

खांगनं मरताना बायकोकडे एवढं एकच मागितलं होतं.

"मियेन, मला मशीनचा कागद लावू नकोस. त्यात काय काय असतं, ते मीच घातलंय."

आणि खोकत खोकत हसला होता. आळीतलं पहिलं मशीन त्यानंच आणलं. कॉस्टिक सोड्यात रद्दी कालवायची, साबणाच्या फेसावर शाई वर आली की काढून टाकायची, वर ब्लीचिंग पावडर मारायची, ही विद्या त्यानंच सगळ्यांना शिकवली. रद्दी एकदा शिजली की तिचा धागा आखूड होतो, पुन्हा शिजली की आणखी आखूड. शेवटी धागा राहतच नाही, नुसता गाळ राहतो. त्या गाळाचा खांग पूर्वजांसाठी जाळायचा सोनेरी कागद करायचा. "मेलेलं गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं, माल परत आणत नाही," म्हणायचा. आळीभर हशा पिकायचा. मियेनही हसायची. आता तिला ते हसणं आठवलं की स्वतःचाच राग यायचा.

आता तीन वर्षं भरत आली होती, आणि दोची साल मिळता मिळता मियेनच्या नाकी नऊ आले. आसपास दोचं झाड औषधालाही उरलं नव्हतं. डोंगरातल्या एका ओळखीच्या बाईनं एक भारा पाठवला आणि सोबत निरोप दिला, 'यंदा एवढंच, पुढच्या वर्षीचं विचारू नका.' मियेननं साल चुन्याच्या निवळीत भिजवली, काळी पाठ तासून काढली आणि अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं. चुना सालीतला चिकटा हळूहळू सोडवतो आणि धाग्याला धक्का लावत नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि मुहूर्त तर तोंडावर आला होता. त्यातच घरच्या विहिरीला वास यायला लागलेला. म्हणून ती सकाळी कावड घेऊन पॅगोडाच्या विहिरीवर पाण्याला गेली. कंबर साथ देत नव्हती, तरी गेली.

परतली तेव्हा पातेल्याशी तिचा मुलगा उभा होता. दोआन. बापाचं मशीन आता तोच चालवायचा. आईला बघून त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला.

"आई, बघ तरी! झालं की शिजून. तू उगाच दिवसरात्र चुलीपाशी जीव काढतेस."

मियेननं सालीची एक पट्टी उचलली. ती बोटातच विरली.

"काय घातलंस?"

"सोडा. दोन मगच गं."

"दोन मग?"

"आम्ही तर पोत्यानं घालतो," दोआन म्हणाला. मग आईचं तोंड पाहून त्याचा आवाज खाली आला. "जास्त झाला का?"

पोरानं रद्दीखेरीज काही शिजवलेलं नव्हतं. रद्दीत मरायला काही उरलेलंच नसतं, तिला पोत्यानं सोडा चालतो. कोवळी साल काय मागते, हे त्याला शिकवायचं कुणी? बापानं हौद बुजवला तेव्हा दोआन रांगत होता. मियेनला ओरडायचं होतं, पण कुणाच्या नावानं ओरडणार?

"बघू," ती म्हणाली. "धुऊन बघू."

तिनं साल धुतली. पॅगोडाचं पाणी किती पुरणार? उरलेलं धुणं घरच्याच विहिरीवर झालं, आणि त्या विहिरीत तर मशीनचंच पाणी झिरपलेलं. लगदा बोटांना बुळबुळीत लागत राहिला. तरी तिनं तो कुटला, यासाठीच अंगणात नव्यानं बांधून घेतलेल्या छोट्या हौदात सोडला आणि त्यात मो झाडाच्या सालीचा चिकट रस घातला. हा रस असला की ओले कागद एकावर एक रचले तरी एकमेकांना चिकटत नाहीत. चांगल्या रसाला मधासारखी तार येते. मियेननं काठी बुडवून उचलली. तार आली आणि वितीवर तुटली. सोड्यापुढे रस टिकत नाही, हे तिला सासूनं लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं.

तरीही तिनं कागद उचलले. बांबूची जाळी हौदात बुडवायची, पुढे-मागे हलवायची, उचलायची, गठ्ठ्यावर उलटी करायची. इतक्या वर्षांनी हात सगळं विसरले असतील असं तिला वाटलं होतं, पण हातांना सगळं येत होतं. तेवढा वेळ तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, तेवढा वेळ तिला आशाही वाटली. दोआन दाराशी बसून बघत होता. आपली आई हे करू शकते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

गठ्ठा दाबाखाली ठेवला. पाणी निथळल्यावर मियेननं वरच्या कागदाचा कोपरा नखानं सोडवला आणि ओढला. कोपरा हातात आला, कागद जागेवरच राहिला. दुसरा कोपरा, तेच. मधून प्रयत्न केला, तर बोटाएवढं छिद्र पडलं. सगळे कागद मिळून एकच जाडजूड ढेप झाली होती.

"पुन्हा कालव ना," दोआन म्हणाला. "मी मदत करतो."

"पुन्हा काय कालवू? धागाच मेलाय रे."

तो उठून मशीनकडे गेला.

उजाडायच्या आत हाडं पेटीत जायला हवीत, त्यांना ऊन लागू द्यायचं नसतं. कबर उघडली तेव्हा अंधार होता. वर ताडपत्री बांधली होती. खांगची थोरली बहीण थोआ हाडं धुऊन एकेक मियेनच्या हातात देत होती. मियेन ती पुसून पेटीत मांडत होती. ती हाडं किती हलकी होती. हाच माणूस पोतं एका हातानं उचलायचा.

थोआनं पिशवीतून लाल कापड काढलं.

"हे घाल. मी आणून ठेवलंय."

"वन्सं, तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या हौदाचा वास माझ्या घरापर्यंत येतो, बाई. सोडा मला कळत नाही होय? घाल. कापड घातलं म्हणून माझा भाऊ काही रुसून उठायचा नाही."

मियेननं हात पुढे केला. तेवढ्यात दोआन पुढे झाला. त्याच्या दोन्ही हातांवर कागदाची घडी होती, पांढरीशुभ्र.

"आई, हा घाल. रात्रभर बसून काढलाय. नवा लगदा घेतला, रद्दी नाही. ब्लीचिंगसुद्धा कमी मारलंय." त्याचे डोळे लाल झाले होते. "घरच्या हातचाच आहे ना हा?"

थोआनं मियेनकडे बघितलं. मियेनला नवऱ्याचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. मेलेल्या माणसानं आयुष्यात एकच मागणं मागितलं होतं. पण मेलेला माणूस समोर उभा नव्हता. मुलगा होता.

"दे," ती म्हणाली.

तिनं कागद हाडांवर पसरला आणि कडेनं खोचला. दोआननं सुटकेचा श्वास टाकला. हाडं पुसली होती, तरी सांध्यांत सुगंधी पाणी होतंच. कागदावर आधी डाग उमटले, मग ते पसरले. कवटीवरचा कागद फुगला, सरकला आणि डोळ्यांच्या खाचांत लगदा होऊन उतरला. मियेननं तो बोटांनी काढायला घेतला, तसतसा तो हाडांत जास्तच भरत गेला. पांढरा, मऊ, ब्लीचिंगचा वास येणारा लगदा. दोआननंही हात घातला.

"निघतोय," तो म्हणत होता, "निघतोय, आई, थांब."

"राहू दे."

"पुन्हा धुऊया ना!"

"उजाडलं," थोआ म्हणाली. "झाकण लावा."

लाल कापड तिच्या मांडीवर तसंच होतं. ते पेटीत घाला, असं कुणीच म्हणालं नाही. दोआन बोटांना चिकटलेला लगदा पँटीला पुसत होता, पुन्हा पुन्हा पुसत होता.

"पुढच्या वर्षी साल मागवू," तो म्हणाला. "मी चुना शिकतो. मग ही पेटी—"

"दुसऱ्यांदा पुरलेलं पुन्हा उकरत नाहीत," थोआ म्हणाली.

मियेननं झाकण बसवलं. मग मुलाचे ते ओले, सोड्यानं चिरलेले हात आपल्या हातात धरले. तो रडायला लागला.

"माझ्या वेळी नुसती माती घाल," ती म्हणाली. "कागदाच्या भानगडीत पडू नकोस."