क्रेनवर बसलेला बाबाराव

घाबरू नका मित्रांनो, जवळ या. डोळे उघडे दिसतात म्हणून मी कुणी माणूस नाही. मी फायबरचा एक जुना पुतळा आहे. उंची साडेपाच फूट, कंबर-गुडघे वाकणारे, उजव्या करंगळीचं टोक उडालेलं. मला पापण्या बसवल्याच नाहीत, त्यामुळे समोर जे जे आलं ते मला बघावंच लागलं. नको होतं तेही बघितलं.

मला कुणी आणि कुठे घडवलं ते आठवत नाही. शुद्ध आली ती रायपूरच्या पुरानी बस्तीत, श्यामकांतरावांच्या कापडाच्या दुकानात. त्यांचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं. ते गिऱ्हाइकांशी हिंदी बोलत, घरी मराठी आणि रागावले की छत्तीसगढी. मी मराठी त्यांच्याकडूनच शिकलो. काय थाट होता माझा! दिवाळीला सफारी, लग्नसराईत शेरवानी. रोज सकाळी श्यामकांतराव ओल्या फडक्याने माझं तोंड पुसत आणि म्हणत, "चला बापा, उभे राहा कामाला." मी उभाच असे, तरी म्हणत.

मग रायपूर राजधानी झालं. रस्ते रुंद झाले, काचेची दुकानं आली आणि त्या दुकानांत आले बिनडोक्याचे पुतळे. आता बोला. डोकं नसलेल्यांना नोकऱ्या लागल्या आणि मी, चांगला नाकीडोळी नीटस, माळ्यावर गेलो. चार वर्षं खाली डोकं वर पाय. शेवटी दुकानच बंद झालं आणि भंगारवाल्याने मला उचललं.

भंगाराच्या ट्रकमधून मी रायपूरबाहेर उरल्याच्या कारखानेवस्तीत पोचलो. तिथे एका कारखान्यात जुनं लोखंड वितळवून सळया काढतात. ट्रक रिकामा करताना पत्र्यांखालून माझा हात बाहेर आला आणि सगळे कामगार पळाले. अर्धा तास काम बंद. अखेर एका गार्डने मला काठीने ढोसलं, ठक्क आवाज आला, तेव्हा कुठे सगळे हसले. पण हसताना माझ्या तोंडाकडे एकानेही बघितलं नाही. ते मला अजून टोचतं.

त्याच आठवड्यात कारखान्यात विनोदिनी मॅडम आल्या होत्या. नशा करून कामावर येणाऱ्याला कसं ओळखायचं, कसं थांबवायचं, हे सुपरवायझरांना आणि कामगारांना शिकवायला कंपनीने त्यांना बोलावलं होतं. तिथे लालभडक सळी पायाशेजारून धावते. तोल गेला की माणूस गेला. मॅडमनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "हा मला द्या."

मला खाकी शर्ट मिळाला, पिवळं हेल्मेट मिळालं, ट्रेनिंगच्या खोलीत खुर्ची मिळाली आणि बाबाराव हे नाव मिळालं. एकेक सुपरवायझर माझ्यासमोर बसे. मॅडम सांगत, "बाबाराव आज पिऊन आलाय. बोला त्याच्याशी." पहिल्या दिवशी जो तो मला शिव्याच देई. मॅडम थांबवत. दारुड्या म्हणायचं नाही. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगायचं. मशीनपासून बाजूला घ्यायचं, एकटं सोडायचं नाही, घरी पाठवलं तर सोबत माणूस द्यायचा. कंपनी उपचार करणार आहे, पहिल्या खेपेला नोकरी जात नाही, हे त्याला नीट समजावायचं. कामगारांच्या वर्गात त्या म्हणत, "तुम्ही दोस्ताला झाकून घेता, आणि त्याला वाटतं आपण कुणाला दिसतच नाही."

वर्ग सुटल्यावर एकेक जण परत येऊ लागला. दार लोटून माझ्यासमोर बसे आणि बोलू लागे. माझ्याशी नव्हे, जो समोर नव्हता त्याच्याशी. एकाने मला बाबा म्हटलं. एकाने माझे पाय धरले. मी गप्प. तरी ते थांबून राहत, मग मान हलवत उठत. मी काय बोललो असं त्यांना ऐकू येत होतं, देव जाणे. अंगावर काटा आला असता, पण माझं अंग पडलं फायबरचं.

सगळ्यांत जास्त येई तो शेखर, दुपारच्या पाळीचा फोरमन. त्याचे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत इथे आले आणि इथलेच झाले. सळया लाटायच्या मिलमधली क्रेन चालवणारा सुशील हा शेखरच्या धाकट्या बहिणीचा, सोनियाचा नवरा. म्हणजे घरचा जावई. आता जावयाला कोण बोलणार? घरी ज्याला पाटावर बसवून पहिलं ताट वाढायचं, त्याला कामावर कसं म्हणायचं, की तू पिऊन आलास? फोरमन असूनही शेखर त्याला 'जवाईबापू, तुमी' म्हणे. हळूहळू सगळी मिलच सुशीलला जवाईबापू म्हणू लागली. वर्षभरापासून सुशील पिऊन येत होता, उंच केबिनमध्ये चढून काचेमागे गप्प बसत होता आणि लोकांच्या डोक्यावरून टनभर लोखंड फिरवत होता.

माझ्यापुढे मात्र शेखर फार सुरेख बोले. "सुशील, तुह्ये हात कापून राहिले. आज मी तुले वर चढू देत नाही. बस माह्याजवळ." एकदा तर मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग दोनचा भोंगा होई, सुशील झोकांड्या सावरत येई, आणि शेखर म्हणे, "या जवाईबापू." मला असा राग येई. अरे, मला काय सांगतोस? मी कधी प्यायलो?

एप्रिल महिना होता. आमचं ट्रेनिंग कसं चाललंय ते बघायला बाहेरून मोठे साहेब आले होते. सकाळी त्यांनी माझी खोली बघितली, माझा फोटो काढला. तीन वाजता मिलमध्ये फेरी होती. मोटर दुरुस्तीला काढल्यामुळे मिल पाचपर्यंत बंद होती, पण प्रत्येक माणूस आपापल्या जागी दिसायला हवा होता. आणि दोनला सुशील आला तो भिंत धरून. क्रेन चालवणारा दुसरा माणूस लग्नाला गावी गेलेला.

शेखर त्याला माझ्या खोलीत घेऊन आला. मला वाटलं, आता बोलेल. शब्द पाठ होते, माणूस समोर होता. शेखरने तोंड उघडलं आणि म्हणाला, "जवाईबापू, तुमी जरा पडा इथं. मी पाहून घेतो."

सुशील जमिनीवर उताणा पडला आणि घोरू लागला. शेखरने माझा खाकी शर्ट उतरवला आणि सुशीलचा काढून मला चढवला. घामाने ओला होता तो, गरम होता, खिशावर सुशील असं नाव शिवलेलं. हेल्मेट माझ्या भुवयांपर्यंत खाली ओढलं. तीन वाजायच्या बेतात दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि मला खांद्यावर टाकून मागच्या शिडीने क्रेनच्या केबिनमध्ये नेऊन बसवलं. दोन तासांत त्याची नशा उतरेल, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता.

साहेब आले. वर बघितलं, कागदावर खूण केली, एकाने हातही हलवला. मग खालून कामगार येत-जात राहिले. कुणी ओरडलं, "जवाईबापू, चाय?" मी काय बोलणार. तो जरा थांबला आणि गेला. कुणी राम राम केला. आधी मला गंमत वाटली. नंतर भीती वाटू लागली, मित्रांनो, खरंच सांगतो. एवढ्या माणसांत एकालाही काही वेगळं दिसेना. वर्षभर या काचेमागे असाच एक न हलणारा, न बोलणारा बसत आला होता, आणि लोकांच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती. मला सुशीलसारखं दिसावंच लागलं नाही. तोच आधी माझ्यासारखा झाला होता. दीड तास मी तिथे बसलो, आणि त्याचा शर्ट माझ्या अंगावर वाळत गेला.

साडेचारलाच मोटर तयार झाली. क्रेनला खालून हातखुणा करणारा म्हातारा शामराव शिटी मारू लागला. एकदा मारली, दोनदा मारली, मग वैतागून शिडी चढला. "झोपले का जवाईबापू?" म्हणत त्याने माझा खांदा हलवला. माझी मान सैल आहे. ती गर्रकन फिरली, हेल्मेट पडलं आणि माझे उघडे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर आले. शामरावच्या घशातून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. पण त्यानंतर त्याने एक विचारलं, इतकं हळू की फक्त मलाच ऐकू आलं.

"मंग सुशील कुठं हाये?"

केबिनमधून माझ्या खोलीचं दार दिसतं. शामरावचा आवाज ऐकून शेखर तिकडे धावताना दिसला. त्याला कुलपात किल्ली घालता येईना. दार उघडलं, माणसं आत घुसली. आत काय झालं ते मला मागाहून कळलं. पंखा बंद, वर तापलेला पत्रा, सुशील तसाच उताणा, उलटी घशात अडकलेली, ओठ निळे. शेखर नुसता उभा. कँटीनची इंदूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने तांब्या टाकून दिला. "कुशीवर करा त्याले, कुशीवर," म्हणत तिनेच त्याला वळवलं आणि बोट घालून तोंड मोकळं केलं. कामगारांच्या वर्गात मागच्या रांगेत बसून ती हे शिकली होती.

वरून मला एवढंच दिसलं, की चौघांनी एका उघड्या अंगाच्या माणसाला गाडीत घातलं. त्याचा हात लोंबत होता, तो अगदी माझ्या हातासारखा. तो जगला की मेला, ते मला सांगायला कोण येणार? तीन दिवस क्रेन बंदच राहिली आणि मला कुणी खाली उतरवलंच नाही. चौथ्या दिवशी दोघांनी माझ्याकडे न बघता मला उचललं आणि खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. शर्ट काढायला कुणी धजावलं नाही. नवे लोक माझ्यासमोर बसायला तयार होईनात.

शेखरने सगळं आपणहून सांगितलं. त्याची फोरमनकी गेली. सुशील दवाखान्यात वाचला आणि मॅडमनी त्याला उपचारांसाठी पाठवलं, हे मी भिंतीकडे बघतच ऐकलं.

दोन महिन्यांनी दार उघडलं. सुशील होता, वाळलेला, दाढी केलेला. मागे शेखर आणि मॅडम. सुशीलने मला खांद्याला धरून वळवलं आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"शेखरभाऊ, मी इथं कुलपात होतो, अन् वर हा बसून होता. दीड तास."

"हो."

"अन् कोणालेच समजलं नाही?"

शेखरने मॅडमकडे बघितलं. "नाही समजलं, सुशील," तो म्हणाला. जवाईबापू म्हणाला नाही. "मले तर रोजच दिसत होतं. तुह्ये हात कापत होते, मी पाहत होतो. मी बोललो नाही. तू मेला असता, अन् मी सोनियाले काय सांगितलं असतं?" मग तो रडला. माझ्यासमोर इतके जण रडले, पण हा पहिलाच, ज्याचा माणूस समोर होता.

सुशीलने माझ्या शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. मळका शर्ट त्याने झटकला आणि तसाच अंगात घातला. "आता मी गप्प बसलेला दिसलो, तर वर येऊन पाहजा," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, आपली आत्मकथा सांगणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. मी उघडा बसलो आहे, धूळ चढते आहे, चढू द्या. मी मोडलो तर दुसरा पुतळा मिळेल. पण कामावर, घरात, तुमच्या शाळेच्या बाकावर कुणी गप्प गप्प होत चालला असेल, तर लांबून राम राम करून निघून जाऊ नका. शिडी चढा. त्याच्या खांद्याला हात लावा, तुम्हाला काय दिसलं ते त्याला त्याच्या नावाने हाक मारून सांगा. आणि तो उत्तर देईपर्यंत तिथेच बसून राहा.