योगेशच्या पेशीतला झोपाळू

मित्रांनो, मी एक जुना, झोपलेला विषाणू आहे. एचआयव्ही म्हणतात मला. माझं चरित्र लिहायला कुणी पुढे येत नाही, म्हणून स्वतःच सांगतो.

योगेश वर्ध्याहून हिंजवडीत नोकरीला आला, तेव्हा मी त्याच्या रक्तात शिरलो. कसा, ते विचारू नका. ते विचारून कुणी बरं होत नाही. माझं तारुण्य उनाडपणात गेलं. पेशीत घुसायचं, आपल्यासारखे ढीगभर घडवायचे, पेशी मोडायची. मग रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. काम करणारे माझे भाऊबंद एकेक करून संपले. मी मात्र जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या एका पेशीत, थेट तिच्या जनुकांत पथारी टाकून झोपलो होतो. गोळ्या काम करणाऱ्याला अडवतात. मी कामच करत नव्हतो. आळसाने जीव वाचतो, तो असा.

एके दिवशी रिपोर्ट आला: रक्तात विषाणू आढळला नाही. योगेश सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. दोष पुन्हा दिसला नाही की तक्रारीचं तिकीट बंद करायचं, ही त्याची सवय. त्याने माझंही तिकीट बंद केलं आणि बायकोला, नम्रताला घेऊन पेढ्यांसकट उपचार केंद्रात गेला.

समुपदेशक हेमाताईंनी आधी पेढा खाल्ला, मग विचारलं, "कशाबद्दल?"

"मॅडम, तो गेला! रिपोर्टात दिसतच नाही न. मग काहून घ्यायच्या गोळ्या? परवापासून बंदच केल्या."

नम्रताचा पेढा हातातच राहिला. "मला न सांगता? आपण बाळाचं ठरवलं होतं न!"

"त्यासाठीच तर!"

हेमाताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, दुपारी दुकानाचं शटर खाली दिसलं, की मालक वारले असं समजता का आपण?"

योगेशने पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

"रक्तात फिरतात तेच मोजले जातात. पेशीत झोपलेले तिथेच असतात. गोळ्या सोडल्यात की उठतील. मग धोका हिलाही."

खरं सांगतो, मी आत कूस बदलायला लागलोच होतो. तेवढ्यात नम्रताने पर्समधून गोळ्यांची डबी काढून त्याच्यासमोर आपटली.

"तिकीट उघड," ती म्हणाली.

योगेशने मुकाट्याने गोळी घेतली. मी पुन्हा आडवा झालो. पुढचे रिपोर्ट नीट आले, मगच बाळाचा विचार झाला.

आज त्यांची स्पृहा धायरीतल्या शाळेत जाते. मी तिच्यात नाही, नम्रतातही नाही. परवा तिने विचारलं, "बाबा, रोज कसली गोळी?"

"आत एक भाडेकरू झोपलाय. उठू नये म्हणून."

"मग हाकलून दे ना त्याला!"

"प्रयत्न चालू आहेत, बाळा."

खरंच चालू आहेत, मित्रांनो. काही संशोधक मला उठवून संपवायचं म्हणतात, काही कायमचं कुलूप लावायचं. एक दिवस त्यांना जमेल, आणि तेव्हा पेढे वाटायला माझी हरकत नाही. तोवर एकच विनंती: रोजची गोळी चुकवू नका. आत्ताच कुठे डोळा लागतोय.